काळ कोणता?

बिराजदार सर रस्त्यात भेटले की आधी आपलं वाक्य दुरुस्त करायचे, मग तब्येत विचारायचे. "सर, मी तुमच्याकडेच येत होते," असं म्हटलं की ते जागच्या जागी थांबत, चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "येत होतीस? म्हणजे आता येत नाहीस? काळ कोणता?" आपण गडबडून "येतेय सर, येतेय" म्हटलं की त्यांचा चेहरा उजळायचा. "हं. मग चल. चहा पिऊ."

हा प्रश्न ते फक्त विद्यार्थ्यांनाच विचारत असं नाही. मंडईतल्या भाजीवालीलाही सोडत नसत. ती म्हणायची, "वांगी ताजी हायती की सर."

"ताजी आहेत का ताजी होती? काळ कोणता?"

"आता काळ कसला बघताय सर, धा वाजून गेले. घ्यायची तर घ्या, न्हायतर मागं सरा. गिऱ्हाईक हाय."

सर हसत हसत वांगी घ्यायचे.

सर जाऊन आता वर्ष होत आलं. मी त्यांच्याच शाळेत इंग्रजी शिकवते. माझे वडील होटगी स्टेशनात गँगमन होते आणि आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. आज ज्या भाषेवर माझं घर चालतं ती सरांनी दिलेली आहे. म्हणून सरांवर लिहायचं तर नुसतं कृतज्ञतेनं लिहावं असं मनात होतं. पण लिहायला बसलं की आधी आठवते ती त्यांची भीती. शेवटची काही वर्षं सर घाबरलेले असत. ती भीती त्यांनी अमेरिकेहून आणली होती. बाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, बॅगेतून काढलेल्या स्वेटरांना डांबराच्या गोळ्या घालून ते कपाटात टाकले. भीती मात्र सरांच्या अंगावरच राहिली.

तसे ते मुळात भित्रे नव्हते. उंच, काळेभोर, कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढरा शर्ट कोपरापर्यंत दुमडलेला. अक्कलकोटकडचे, त्यामुळे घरात कन्नड, दारात मराठी आणि वर्गात इंग्रजी. पोरांनी त्यांच्या रंगावरून 'डांबर' असं नाव पाडलं होतं. एकदा फळ्यावर कुणीतरी इंग्रजीत लिहून ठेवलं, 'बिराजदार सर इज अ डांबर.' आम्ही सगळे श्वास रोखून बसलो. सर आले, वाक्य वाचलं, खडू उचलला आणि त्यातला 'अ' तेवढा खोडला. "पदार्थवाचक नाम आहे. आर्टिकल लागत नाही," म्हणाले आणि पुढचा धडा काढला. लिहिणारा कोण हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

ते आम्हाला गावाच्या नावानं हाक मारत. "मंगळवेढा, खिडकी लाव." "अक्कलकोट, हसू नकोस." शहरातल्या मुलांना पेठेचं नाव. मी 'होटगी'. लग्न झालं, मुलं झाली, मी स्वतः शिक्षिका झाले, तरी मी होटगीच राहिले. पुढे मी नोकरीला लागले तेव्हा त्यांनी मला यामागचं कारण सांगितलं. "हजेरीत आडनाव पुकारलं की वर्गाचे कान उभे राहतात. कोण कुठला, कुणाच्या डब्यातलं खायचं नि कुणाच्या नाही, पोरं मनातल्या मनात लावून घेतात. गावाचं नाव घेतलं की त्यांना काही लावता येत नाही." माझं आडनाव ऐकल्यावर माणसं क्षणभर थांबतात हे मला लहानपणापासून माहीत होतं. सरांच्या वर्गात कुणी कधी थांबलं नाही. ते कशामुळे, हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

त्यांचं शिकवणं कसं असे ते सांगते. एकदा वर्गात एक मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "सर, माजं पेन हरवलं."

"इंग्रजीत सांग."

"आय लॉस्ट माय पेन."

"म्हणजे सापडलं?"

"न्हाय की सर."

"मग 'लॉस्ट' कसं? 'आय हॅव लॉस्ट' म्हण. हरवलं काल, पण नाही ते आज. जे काल झालं आणि ज्याची खोट आज आहे, त्याला नुसता भूतकाळ चालत नाही."

आणि त्यांनी स्वतःच्या खिशातलं पेन त्याला देऊन टाकलं.

माझी चूक वेगळी होती. 'मी जन्मापासून होटगीला राहते' हे वाक्य मी आपल्याकडे सगळे करतात तसं केलं, 'आय अॅम लिव्हिंग इन होटगी सिन्स बर्थ.' सरांनी मला फळ्याजवळ बोलावलं. फळ्याच्या डाव्या टोकाला एक खुंटी काढली, तिला एक दोरी काढली आणि ती दोरी ओढत ओढत फळा संपला तरी थांबले नाहीत. भिंतीवरून रेघ मारत आणली आणि खडू माझ्या हातात दिला. "सिन्स म्हणजे खुंटी. ती मागे कुठंतरी ठोकलेली असते. पण दोरी अजून सुटलेली नाही. तिचं दुसरं टोक आत्ता तुझ्या हातात आहे. कळलं? म्हणून 'हॅव बीन लिव्हिंग.'" भिंतीवर रेघ मारली म्हणून शिपाईमामा नंतर त्यांच्यावर केवढे चिडले होते.

पॅसिव्ह व्हॉइससाठी सरांनी स्वतः एक उतारा रचला होता. तो ते दरवर्षी नववीला फळ्यावर लिहीत. उतारा अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या लढ्यावर होता. त्यांना गोऱ्यांच्या नळावर पाणी पिऊ दिलं जात नसे. बसमध्ये त्यांना मागे बसवलं जाई. मतदान करू दिलं जात नसे. मग लोक रस्त्यावर आले, त्यांना मारलं गेलं, त्यांच्यावर कुत्री सोडली गेली, त्यांना तुरुंगात टाकलं गेलं. वाक्यावाक्यात 'वॉज' आणि 'वेअर'. प्रत्येक वाक्य लिहिताना सर गोष्ट सांगत. शेवटचं वाक्य असे, 'द लॉ वॉज चेंज्ड.' कायदा बदलला गेला. त्यानंतरचा पूर्णविराम ते इतक्या जोरात देत की खडूचे दोन तुकडे व्हायचे. "संपलं!" असं म्हणून ते वळायचे आणि आम्ही टाळ्या वाजवायचो.

संध्याकाळच्या गाडीनं होटगीला परतताना मी तो उतारा पुटपुटत असे. दूर कुठंतरी, कुणाचं तरी, ते सगळं संपलं होतं. मला फार बरं वाटायचं.

सरांना एकच मुलगी, गिरिजा. सरांचाच रंग. तिला बघायला येणारी मंडळी पोहे खाऊन जात आणि मध्यस्थाकडून निरोप येई, "मुलगी हुशार आहे, पण रंगानं जरा डावी आहे." असे निरोप बाई स्वयंपाकघरात ऐकायच्या आणि भाकरी जरा जोरात थापायच्या. गिरिजा शिकायला अमेरिकेत गेली आणि तिथंच मार्कस नावाच्या एका काळ्या मुलाशी तिनं लग्न केलं. आमच्याकडे बोभाटा झाला. शेजारच्या काकू मुद्दाम येऊन म्हणाल्या, "जावई रंगानं कसे हायत म्हणायचं?"

"माझ्यासारखे," सर म्हणाले.

"तसं न्हवं... करतात काय?"

"पाणीपुरवठ्यात इंजिनिअर आहेत."

"अगंबया! मग त्यास्नी हिकडं बोलवा की. आमच्याकडं पाच दिवसाआड येतंय पाणी!"

इतकं झाल्यावर काकूंचा विरोध बराचसा मावळला. सर मात्र मनापासून खूश होते. मला म्हणाले, "होटगी, ज्यांची गोष्ट मी जन्मभर फळ्यावर लिहिली, त्यांच्या घरात माझी मुलगी नांदायला गेली. जिंकलेल्या माणसांचं घर आहे ते."

मुलगा झाला. सरांच्या वडिलांच्या नावावरून त्याला शंभू म्हणू लागले. बाई त्याला फोनवरून कन्नड शिकवायच्या. फार नाही, आजीला लागतं तेवढंच. बा म्हणजे ये, ऊटा म्हणजे जेवण, कूडू म्हणजे बस. जेवताना पळणाऱ्या पोराला सात समुद्रांपलीकडून "कूडू! कूडू!" म्हणून बाई जेवायला बसवत असत. सरांना तो 'अज्जा' म्हणे.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी सर आणि बाई सहा महिन्यांसाठी तिकडे गेले. शंभूला तेव्हा नुकतंच गाडी चालवायचं लायसन्स मिळालं होतं. जाताना सरांनी शेंगाची चटणी, कडक भाकरी आणि पासपोर्टची साक्षांकित झेरॉक्स घेतली. झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. "परका मुलूख आहे. कुणी विचारलं तर दाखवता येते," म्हणाले.

ते परत आले तेव्हा मी भेटायला गेले. सरांनी माझं एकही वाक्य दुरुस्त केलं नाही. मला वाटलं प्रवासाचा शीण असेल. मग हळूहळू, बऱ्याच भेटींमध्ये, त्यांनी सांगितलं. बाई आत असल्या की आवाज खाली आणून सांगत.

आधी दुकानाची गोष्ट सांगितली, ती हसत हसत. शंभूबरोबर ते एका मोठ्या दुकानात साबण घ्यायला गेले. आत शिरल्यापासून गणवेशातला एक माणूस त्यांच्या मागे मागे. हे या रांगेत गेले की तो या रांगेत. सरांना वाटलं, काय अगत्य आहे! आपल्याकडे साडीच्या दुकानातसुद्धा इतकं कुणी मागं फिरत नाही. त्यांनी वळून त्याचे आभार मानले आणि साबण कुठं मिळेल ते विचारलं. बाहेर आल्यावर शंभू म्हणाला, "अज्जा, तो मदत करत नव्हता. तो आपण चोरतोय का ते बघत होता. माझ्या मागे नेहमी कुणीतरी असतं."

"नेहमी," सर मला म्हणाले. "हा शब्द कोणत्या काळाबरोबर येतो, तुला माहीत आहे."

मग मार्कसच्या आईची गोष्ट. सर तिला 'विहीणबाई' म्हणत आणि तिला तो शब्द फार आवडायचा. तीही निवृत्त शिक्षिका. लहान असताना ती आईचा हात धरून त्या मोर्चांत चालली होती. सरांना हे कळलं तेव्हा त्यांचा आनंद गगनात मावेना. तिच्या दारातल्या पायरीवर बसून त्यांनी आपला उतारा तिला संपूर्ण म्हणून दाखवला, पूर्णविरामासकट.

तिनं एका शिक्षिकेनं ऐकावा तसा तो शांतपणे ऐकला. म्हणाली, "छान लिहिलंय तुम्ही. पण बिराजदार, सगळीकडे 'वॉज' का?"

सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"कायदा बदलला, हे खरं. आम्हीच बदलून घेतला तो. पण तुम्हाला काय वाटतं, मी रोज संध्याकाळी या पायरीवर का बसते?"

"वाऱ्याला," सर म्हणाले.

"शंभू गाडी घेऊन गेला की तो परत येईपर्यंत बसते. त्याचा बाप तरुण होता तेव्हाही इथंच बसायचे. माझी आई माझ्या भावासाठी बसायची, ती दुसऱ्या घरात. पायरी बदलली एवढंच." मग तिनं समोरचा रस्ता दाखवला. रस्त्याच्या या बाजूला एक शाळा आणि त्या बाजूला एक. "मी लहान होते तेव्हा या दोन शाळांवर पाट्या होत्या, काळ्यांनी कुठं जायचं, गोऱ्यांनी कुठं, त्याच्या. पाट्या काढल्या. आता आत जाऊन पोरांचे चेहरे बघून या."

दुसऱ्या दिवशी सर खरंच शाळा सुटायच्या वेळी त्या रस्त्यावर उभे राहिले. काय पाहिलं ते त्यांनी मला सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "खुंटी काढलीय असं मी समजत होतो."

तिसरी गोष्ट सांगायला त्यांना फार वेळ लागला. त्या दिवशी बाई अक्कलकोटला मठात गेल्या होत्या. सरांनी दार लोटून घेतलं.

दुपारची वेळ. शंभू आणि सर ज्वारीचं पीठ आणायला निघाले होते. शंभू गाडी चालवत होता. मागे पोलिसांची गाडी लागली, दिवे चमकले. शंभूनं गाडी कडेला घेतली, काच खाली केली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि अगदी हळू म्हणाला, "अज्जा, हलू नका."

सरांना हसू आलं. आपल्याकडे चौकात हवालदारानं गाडी अडवली की घरातलं मोठं माणूस उतरतं. हसून "काय साहेब" म्हणतं, कागद दाखवतं, आणि सोलापुरातले निम्मे हवालदार तर सरांचे विद्यार्थी. पोरगं घाबरलंय, आपण बोलू, असं म्हणून सरांनी दार उघडलं आणि ते खाली उतरले. तोंडभर हसत त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला, झेरॉक्स काढायला.

"कुणीतरी ओरडलं, होटगी. इंग्रजीतच ओरडला तो. जन्मभर मी ज्या भाषेवर जगलो, तीच भाषा. मला एक शब्द कळला नाही. मी हसतच होतो. माझा हात खिशात होता आणि त्याचा हात कमरेच्या पिस्तुलावर होता."

सर पाणी प्यायले.

"मग गाडीतून शंभू ओरडला. अज्जा, कूडू! कूडू! तेवढं मला कळलं. माझी आई मला असंच ओरडून बसवायची. माझे गुडघे आपोआप वाकले. होतो तिथं, रस्त्याच्या कडेला गवतात बसलो. हात रिकामे, मांडीवर."

पुढे काहीच झालं नाही. गाडीच्या मागचा एक दिवा लागत नव्हता. पोलिसानं एक कागद दिला, "आजचा दिवस चांगला जावो" म्हणाला आणि गेला. सर उठून गाडीत बसले. शंभूचे हात स्टिअरिंगवरच होते. सुटतच नव्हते. सरांनी त्याची बोटं एक एक करून सोडवली.

"काही झालं नाही," सर म्हणाले. जरा वेळानं पुन्हा म्हणाले, "काही झालं नाही."

घरी गेल्यावर त्यांना कळलं की शंभूनं जे केलं तो एक धडा होता. मार्कसला त्याच्या वडिलांनी दिलेला, मार्कसनं शंभूला दिलेला. सरांनी तो मला बोटांवर मोजून सांगितला. दोन्ही हात दिसतील असे ठेवायचे. आवाज चढवायचा नाही. आपलं बरोबर असलं तरी वाद घालायचा नाही. खिशात हात घालायचा तर आधी तोंडानं सांगायचं, मी आता लायसन्स काढतोय. मग हळू काढायचं. "चालू वर्तमानकाळ, होटगी. त्या पोराला तो जीव वाचवायला शिकवलाय."

मला तो धडा ओळखीचा वाटला. माझ्या आज्याच्या गावात पाटलाच्या दारावरून जाताना कसं चालायचं, चपला कुठं धरायच्या, समोरून कोण आलं तर नजर कुठं ठेवायची, हे आज्यानं माझ्या वडलांना असंच शिकवलं होतं. आणि मी शहरातल्या शाळेत निघाले तेव्हा वडलांनी मला, जरा बदलून. सर माझ्याकडे बघत होते.

"तुझ्या आज्यालाही पाठ असेल हे."

"व्हय सर," मी म्हणाले. त्यांच्यासमोर मी घरची भाषा कधी बोलत नसे. त्या दिवशी तीच तोंडात आली.

त्यानंतर एकदा मी त्यांना माझ्या नववीच्या वर्गावर बोलावलं. मला वाटलं, फळ्यासमोर उभे राहिले की बरं वाटेल. त्यांनी तोच उतारा लिहायला घेतला. नळ, बस, मोर्चे, कुत्री, सगळं पूर्वीसारखं. 'द लॉ वॉज चेंज्ड' इथं आले. पूर्णविरामासाठी खडू उचलला आणि तसाच धरून उभे राहिले. मग पूर्णविराम न देता त्यांनी त्या ओळीखाली आणखी एक वाक्य लिहिलं, 'सिन्स देन, मदर्स हॅव बीन वेटिंग.' त्यानंतर आया वाट बघत आल्या आहेत. अक्षर वाकडं आलं. मुलांना वाटलं, सर म्हातारे झाले.

एका मुलीनं विचारलं, "सर, मग हे संपणार कधी?"

"काळ कोणता?" सरांनी सवयीनं विचारलं.

"भविष्यकाळ सर."

सर तिच्याकडे वळले. "इंग्रजीत भविष्यकाळाला स्वतःचं रूप नसतं, बाळ. तिथं 'विल' मागून आणावा लागतो. आणि 'विल' म्हणजे इच्छा. लोकांची असली तर होतं."

एवढं बोलून ते खुर्चीवर बसले. त्या दिवशी टाळ्या वाजल्या नाहीत.

भीती पुढे वाढतच गेली. आपल्याकडे कुणी गावाला निघालं की "पोचल्यावर फोन कर" म्हणतात, तसं त्यांनी शंभूला सांगून ठेवलं होतं. शंभू शाळेनंतर एका दुकानात काम करायचा आणि रात्री गाडीनं घरी यायचा. तेव्हा इथं सकाळ असे. घरात शिरला की तो अज्जाला मराठीत एकच शब्द पाठवायचा, 'पोचलो.' तो येईपर्यंत सर चहाला हात लावत नसत. वर्तमानपत्र उघडून त्याच पानावर बसत. तिकडची काही बातमी असली, असल्या थांबवलेल्या गाडीतल्या कुणाला पोलिसांनी गोळी घातल्याची, की बाई ते पानच काढून ठेवायच्या. "बाकीच्या सगळ्या क्रियापदांचं काय व्हायचं ते होवो," सर मला एकदा म्हणाले, "या एकाचा मात्र मला रोज भूतकाळ पाहिजे."

गिरिजाला फोन करून ते म्हणत, त्याला गाडी देऊ नको. ती म्हणायची, अप्पा, इथं गाडीशिवाय जगता येत नाही. मग म्हणत, त्याला सोलापूरला पाठव. त्यावर ती विषय बदलायची. पुढे एकदा म्हणाली, "अप्पा, तिथं त्याला काय म्हणतील?" सरांनी फोन ठेवला. बाई म्हणाल्या, "बरोबर बोलली की पोरगी. सांगा आता."

सरांना मी शेवटचं पाहिलं ते डोळ्यांच्या दवाखान्यात नेताना. मोतीबिंदू पिकला होता, सकाळची वेळ मिळाली होती. रिक्षा दारात उभी आणि सर फोन हातात घेऊन बसलेले. शब्द आला नव्हता.

"अवो, जावा की आता," बाई म्हणाल्या. "फोन काय हितं ठिवून चाललाय का? घ्या खिशात. पोरगं पोचतंय."

"पोचतंय म्हणू नको," सर एकदम म्हणाले. फोन खिशात टाकून ते उठले.

रिक्षात ते माझ्या शेजारी बसले. शर्टाच्या खिशात फोन. दर थोड्या वेळानं खिशाला हात लावून बघत. मी काहीबाही बोलत होते, ते ऐकत नव्हते. सात रस्त्याला ट्रॅफिक हवालदारानं रिक्षा अडवली. रिक्षावाला शिव्या पुटपुटत उतरला, कागद घेऊन त्याच्याकडे गेला. आपल्याकडे असंच असतं.

मी वळून पाहिलं तर सरांचे दोन्ही हात ड्रायव्हरच्या मागच्या आडव्या दांड्यावर होते. बोटं पसरलेली, दिसतील अशी. पाठ ताठ, नजर समोर. कपाळावरच्या विभूतीतून घाम उतरत होता.

"सर, सात रस्ता आहे," मी म्हणाले. "आपला सात रस्ता."

"माहीत आहे," ते म्हणाले. हात हलले नाहीत.

हवालदार रिक्षापाशी आला, वाकून आत बघितलं आणि एकदम उजळला. "सर! तुमी? ओळखलं का? मी मंगळवेढा! खिडकी लाव, खिडकी लाव म्हणायचा बघा मला!" तो पाया पडायला आत वाकला. त्याचा हात गुडघ्याकडे येताना पाहून सरांचे डोळे मिटले.

"हो," सर म्हणाले. "हो, बाळ. मंगळवेढा."

त्याच क्षणी त्यांच्या खिशातला फोन वाजला. एकदाच, संदेश आल्यासारखा. सकाळपासून ज्याची वाट बघत होते तो त्यांच्या छातीवर थरथरून थांबला, आणि त्यांनी दांड्यावरचं एक बोटसुद्धा उचललं नाही.

"सर, वाजला."

"हं."

मी त्यांच्या खिशाकडे हात नेला. "थांब," ते पुटपुटले, ओठ न हलवता. "आधी सांग. मग हात घाल."

मी हात मागे घेतला आणि हळू, नीट ऐकू जाईल असं म्हणाले, "सर, मी तुमच्या खिशातून फोन काढतेय."

"चालू वर्तमानकाळ!" मंगळवेढा हसून ओरडला. "सर अजून काळच शिकवत्यात व्हय!"

मी फोन काढला. वाचला.

"पोचलो," मी म्हणाले.

सरांनी श्वास सोडला. हवालदारानं रिक्षावाल्याला "सरांमुळं सोडतोय" म्हणून जायला सांगितलं, शिट्टी वाजवली, आम्हाला रस्ता करून दिला आणि चौकाच्या मधोमध उभं राहून सलाम ठोकला. रिक्षा निघाली, वळली, चौक मागे पडला. दवाखान्याची पाटी दिसली तरी सरांचे हात दांड्यावरच होते. तेव्हा मी त्यांना म्हणाले, "सर, मी आता तुमचा हात धरतेय." आणि त्यांची बोटं एक एक करून सोडवायला लागले.